हुकूम कायम, तामिली बंद

हिवतापाच्या रोग्याच्या अंगावर गोधड्या घातल्या तरी त्याची हुडहुडी थांबत नाही, दातांवर दात आपटतात, आणि घरच्यांना वाटते की त्याला थंडी बाधली. वस्तुतः त्या घटकेला त्याच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या केंद्राने, प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्याच्या प्रेरणेने, शरीराचे तापमान ३७ अंशांवरून ३९-४० अंशांवर नेण्याचा हुकूम सोडलेला असतो, आणि स्नायू थरथरून उष्णता निर्माण करीत व त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून ती आत कोंडीत त्याची तामिली करीत असतात.

हा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी ॲसेटिलकोलीन या रसायनाच्या हाती पडतो आणि स्नायूवरील निकोटिनिक ग्राहकांपाशी रुजू होतो. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत त्या कुरारे विषाचा घाला नेमका येथेच पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नार यांनी बेडकाच्या एका पायाचा रक्तप्रवाह दोरा आवळून बंद केला आणि मग त्याला कुरारे टोचले. सारे अंग लुळे पडले, पण लुळ्या कातडीला चिमटा काढताच विषापासून वाचलेला तो एक पाय झटक्याने हलला. वेदना पोचत होती, स्नायूही शाबूत होते. तुटला होता तो केवळ मज्जातंतू व स्नायू यांमधला दुवा.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रोग्याचे शरीर अतिदक्षता विभागात थंड करू लागले की हुडहुडी तो सारा उद्योग निष्फळ करते. म्हणून गुंगीच्या औषधाबरोबर व्हेक्युरोनियमसारखे कुरारेच्या जातीचे औषध देतात, आणि पारा उतरतो. तापाच्या रोग्याबाबतही तसेच घडते. परंतु हा उतार म्हणजे ताप हटला असे मुळीच नव्हे, कारण ही औषधे मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत, मूळचा हुकूम दप्तरी कायम राहतो, आणि औषधाचा अंमल सरताच थरथर पुन्हा सुरू होते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखून तो हुकूम मागे घ्यायला लावते. हा भेद मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

१९४८ च्या सुमारास पेटन व झायमिस या संशोधकांनी अभ्यासलेल्या हेक्झामेथोनियम या औषधाची तऱ्हा निराळी. ते स्नायूंना सोडून मज्जागंडांतील निकोटिनिक ग्राहक अडवते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व गार खोलीत शरीर निवत जाते, पण घामाचा संदेशही अडत असल्याने कडक उन्हाळ्यात तेच शरीर तापूही शकते.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी जागेपणी स्वतःलाच कुरारेचे सत्त्व टोचवून घेतले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार श्वासही परस्वाधीन झाला असताना त्यांची शुद्ध व वेदना दोन्ही अबाधित होत्या. म्हणूनच पुरेशा गुंगीवाचून असे औषध देणे हे क्रौर्य ठरते. आणि निश्चल अंगाआड हुडहुडीप्रमाणेच अपस्माराचे झटकेही दडून राहत असल्याने, अशा रोग्याच्या मेंदूचा विद्युत्-आलेख डॉक्टरांना डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.