स्टील गिटारची मात्रा

डॉली पार्टन ही टेनेसीच्या डोंगराळ भागातली, बारा भावंडांतली एक. १९७७ साली तिने ‘हिअर यू कम अगेन’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याचा साज सरळसरळ पॉपचा होता. आपले कंट्रीचे श्रोते दुरावतील या धास्तीने तिने त्यात स्टील गिटार घालायला लावली. एवढ्याशा मात्रेचे मोल आम्हा होमिओपॅथांना वेगळे सांगायला नको! गाणे कंट्रीच्या यादीत पहिले आले, पॉपच्या यादीत तिसरे.

पण मला मोठी वाटते ती तिची आधीची एक ‘नाही’. १९७४ चे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ एल्विस प्रेस्लीला गायचे होते. त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्कांत निम्मा वाटा मागितला. डॉली रडली, पण हक्क दिला नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते जगभर पोहोचवले, तेव्हा गाणे डॉलीच्याच मालकीचे होते.