बांधावरची हरळी

भाद्रपदात पेणच्या बाजारात मूर्तीचा भाव हजारांत जातो, दूर्वांची जुडी मात्र चार नाण्यांत मिळते आणि तिच्यावाचून पूजा अडते. हमरापूर-जोह्यात घडलेले गणपती पार परदेशी पोचतात. दूर्वा जिथली तिथेच उगवते. पेणहून रोह्याकडे निघालं की भातखाचरांचे बांध तिनेच मढलेले दिसतात. फक्त तिथे तिला हरळी म्हणतात, आणि हात कोणी जोडत नाही.

कोकणच्या माळावरचं बहुतेक गवत एका पावसाचं. मृगात उगवतं, दिवाळीनंतर वाळून जातं. हरळी वर्षानुवर्षं टिकते, कारण तिची भिस्त बियांवर नाही. जमिनीवर सरपटणारं खोड पेरापेराला मुळं सोडतं आणि मातीखालच्या काशा वेगळ्याच वाटेने पुढे सरकतात. नांगराने तिचे तुकडे केले की शेतकऱ्याने स्वतःच तिची लावणी केल्यासारखं होतं. उन्हाळ्यात खोल नांगरून, काशा वेचून कडक उन्हात वाळवणं हा जुना उपाय आजही चालतो. दुसरा उपाय सावलीचा: दाट आमराईखाली हरळी खंगते. ऊस-मक्याप्रमाणे तिला रखरखीत ऊन मानवतं.

लिनियसने १७५३ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. आज तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. उष्ण प्रदेशांत ती जवळपास सर्वत्र आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी तिच्यापासून ‘कोस्टल’ हे चाऱ्याचं वाण काढलं, ते १९४३ मध्ये प्रसारित झालं. आपल्याकडची कित्येक क्रिकेटची मैदानंही तिच्यावरच हिरवी आहेत. उलट, जगातल्या उपद्रवी तणांवरच्या १९७७ च्या प्रसिद्ध ग्रंथात लव्हाळ्याला पहिला क्रमांक आहे आणि हरळीला दुसरा. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला ग्रंथ लागला नसता!

पण तिची खरी किंमत कळते पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात. वाशी, दादरकडची शेती मातीच्या बांधांच्या भरवशावर उभी आहे. बांधाला खांड पडली की खारं पाणी शिवारात शिरतं आणि जमीन नापीक होते. हरळी बऱ्यापैकी खारटपणा सोसते, काही दिवस पाण्याखाली राहूनही मरत नाही, आणि तिच्या मुळांची जाळी पावसाच्या माऱ्यात बांधाची माती धरून ठेवते. उधाणाचा थेट मार अडवणं तिच्या आवाक्यातलं नाही. ते काम दगडाचं आणि बाहेरच्या कांदळवनाचं.

हल्ली मजूर मिळत नाही म्हणून शेताबरोबर बांधावरही तणनाशक मारलं जातं. मला हे आतबट्ट्याचं वाटतं. गवत जळतं, उघडी माती पहिल्याच जोराच्या पावसात खाचरात उतरते आणि पुढच्या वर्षी बांध घालायला तेच न मिळणारे मजूर शोधावे लागतात.

खाचरातली हरळी जरूर वेचा. बांधावरची तेवढी राहू द्या.