६७ टक्क्यांवर नेमकं काय चुकलं?

‘जिओमेट्री डॅश’ या खेळातला चौकोन कधीच थांबत नाही. तो डावीकडून उजवीकडे पळत राहतो, वाटेत काटे आणि ठोकळे येतात, आणि आपल्या हातात एकच काम असतं: स्क्रीनवर बोट टेकवणं. टेकवलं की उडी. काट्याला स्पर्श झाला की चौकोन फुटतो, गाणं तिथंच तुटतं आणि दोन्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. यात बंदुका नाहीत, गोष्ट नाही, उसना जीव मागायची सोय नाही. किती टक्के वाट झाली ते वर दिसतं, आणि हा कितवा प्रयत्न तेही खेळ निर्लज्जपणे लिहून दाखवतो. ज्या घरात हा खेळ शिरला आहे तिथं गाण्याचे पहिले दहा सेकंद आजीलाही पाठ असतात. शेवट मात्र फारसा कुणी ऐकलेला नसतो.

स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाने हा खेळ १३ ऑगस्ट २०१३ रोजी बाजारात आणला. खेळाडूंच्या जगात त्याला ‘रॉबटॉप’ म्हणतात. सुरुवातीला सात लेव्हल होत्या. एवढ्या वर्षांत त्याने स्वतः बांधलेल्या मुख्य लेव्हल बावीसपर्यंतच गेल्या. म्हणजे खेळ चालला तो त्याच्या लेव्हलवर नव्हेच. पहिल्या दिवसापासून खेळात एक एडिटर होता. त्यात कुणीही ठोकळे रचावेत, काटे लावावेत, गाणं जोडावं आणि आपली लेव्हल जगापुढे ठेवावी. खेळाडूंनी अशा बांधलेल्या लेव्हलची गणती आता कोटींत जाते. आसनगाव लोकलमध्ये किंवा मुरबाड-कल्याण एसटीत मान खाली घालून बसलेला मुलगा जी लेव्हल खेळतो आहे, ती बहुधा त्याच्याच वयाच्या, कधीही न भेटलेल्या कुणीतरी बांधलेली असते. रेंज असताना लेव्हल आणि गाणं उतरवून घेतलं की पुढं नेट लागत नाही. टोकावडे सोडून माळशेजकडे निघालेल्याला याचं महत्त्व सांगायला नको.

कोटभर लेव्हल म्हटल्या की त्यातल्या बहुतेक टाकाऊ असणार हे उघड आहे. मग चांगली कुठली ते ठरवायचं कुणी? अधिकृत उत्तर सोपं आहे. रॉबटॉपने काही खेळाडूंना मॉडरेटर नेमलं आहे. त्यांना एखादी लेव्हल आवडली तर ते ती अमुक इतक्या ताऱ्यांची शिफारस करून त्याच्याकडे पाठवतात आणि शेवटचा शब्द त्याचा. तारे मिळाले की लेव्हल लोकांच्या नजरेस पडते, बांधणाऱ्याच्या नावावर क्रिएटर पॉइंट जमा होतो. तारे नसलेली लेव्हल ढिगात गडप. पण या दरबारापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी परकं माणूस ती लेव्हल खेळून ‘इथं बरं आहे, इथं फसलंय’ असं सांगतं. त्याला ही मुलं ‘रिव्ह्यू’ म्हणतात. हे काम करणारे पगारी नाहीत, त्यांना कुणी नेमलेलं नाही, आणि माझ्या मते या सगळ्या डोलाऱ्यात सर्वांत मोलाचं काम तेच करतात.

याचं कारण बांधणाऱ्याच्या बोटांत आहे. नियम असा आहे की आपली लेव्हल प्रसिद्ध करण्याआधी बांधणाऱ्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न मरता, पूर्ण करून दाखवली पाहिजे. याला ‘व्हेरिफाय करणं’ म्हणतात. लेव्हलमध्ये नाणी लपवली असतील (जास्तीत जास्त तीन ठेवता येतात) तर तीही गोळा करून. नियम चोख आहे. अशक्य लेव्हल त्यामुळे बाहेर पडत नाही. निदान पडू नये. ‘सोनिक वेव्ह’ या अतिकठीण लेव्हलची सायक्लोन या खेळाडूने दाखवलेली पूर्तता बनावट निघाली, आणि पुढे सनिक्सने ती खरोखर पार करेपर्यंत तिची चर्चा संपली नाही. पण खरी पूर्तता झाली तरी त्यातून एवढंच कळतं की ही वाट एका माणसाला पार करता आली. त्या माणसाने प्रत्येक काटा स्वतःच्या हाताने रोवलेला असतो. कुठं उडी मारायची हे त्याला डोळ्यांनी पाहावं लागत नाही, बोटांनाच ठाऊक असतं. म्हणून स्वतःच्या लेव्हलच्या कठीणपणाबद्दल सर्वांत चुकीचं मत बहुधा तिच्या बांधणाऱ्याचंच असतं.

शहापूर-मुरबाडकरांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. आपल्याकडच्या गडांना ट्रेकर श्रेणी देतात: सोपी, मध्यम, कठीण. माहुलीला बहुतेक जण मध्यम म्हणतात. गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून कुणी त्याला मध्यम ठरवतं, कुणी कठीण. मोरोशीच्या भैरवगडाबद्दल मात्र दुमत नाही, तिथं दोर आणि जाणता माणूस लागतोच. आता गोरखगडाच्या पायथ्याच्या देहरीत जन्मलेल्या, लहानपणापासून गडावर जा-ये करणाऱ्या माणसाला श्रेणी विचारा. तो म्हणेल, ‘काय नाय, जावा की.’ तो खोटं बोलत नाही, पण त्याचं उत्तर ठाण्याहून पहिल्यांदा आलेल्याच्या उपयोगाचं नाही. शिवाय श्रेणी फेब्रुवारीतली की पायऱ्यांवर शेवाळ चढलेल्या जुलैतली, हेही सांगावं लागतं. कुठल्या घळीत, कुठल्या टप्प्यावर, कशामुळे माणूस अडतो हे लिहिणारा नवखा पण डोळस ट्रेकर श्रेणीच्या एका शब्दापेक्षा जास्त कामाचा. लेव्हलच्या रिव्ह्यूकडून अपेक्षा तीच असते.

आता तालाचा हिशेब. या खेळाची सगळी गंमत उडी आणि ठोका एकत्र पडण्यात आहे. त्याला ‘सिंक’ म्हणतात. नेहमीच्या वेगात चौकोन सेकंदाला एडिटरच्या जाळीतले सुमारे दहा खाने कापतो. गाणं मिनिटाला १६० ठोक्यांचं असेल तर दोन ठोक्यांमध्ये ०.३७५ सेकंदांचं अंतर, म्हणजे जवळपास चार खाने. चार-चार खान्यांवर काटे रोवले की ताल आपोआप जुळतो, आणि नेमकं तिथंच नवशिके बिल्डर थांबतात. दीड मिनिट एकसारखी ठक-ठक. गाण्यात एखादी जागा मोकळी सोडलेली असते, कधी दोन ठोक्यांच्या मध्ये एक चोरटा ठोका येतो, कधी सगळी वाद्यं गप्प होऊन नुसता सूर लांबतो. चांगला बिल्डर तिथं चौकोनाचं जहाज करतो, वेग बदलतो, गुरुत्वाकर्षण उलटं करतो. एडिटरमध्ये गाणं ऐकत बोट टेकवत गेलं की तेवढ्या रेघा आखून मिळतात. रेघा कानाच्या जागी वापरल्या की लेव्हल मुकी होते. रिव्ह्यू करणाऱ्याने डोळे मिटून एकदा नुसतं गाणं ऐकावं आणि मग विचारावं, मला जिथं उडी मारावीशी वाटली तिथं लेव्हलने मारू दिली का?

इथं एक खबरदारी घ्यावी लागते. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज बहुधा दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. वरच्या हिशेबाने तेवढ्यात चौकोन दीड-दोन खाने पुढं निघून गेलेला असतो. असा इअरफोन लावून खेळणारा ‘सिंक चुकला’ म्हणून शेरा मारतो आणि बिचारा बिल्डर व्यवस्थित बसलेल्या लेव्हलची मोडतोड करतो. वायरचा इअरफोन नसेल तर फोनचा स्पीकर बरा. सराव करतानाही सावध राहावं. सरावात ठिकठिकाणी खुणा ठेवून पुढं जाता येतं, मरण आलं तरी शेवटच्या खुणेपासून सुरू होतं. पण मुळात तिथं लेव्हलचं गाणं वाजत नाही, वेगळीच संथ धून वाजते, तो पर्याय बदलून घ्यावा लागतो. धून तशीच ठेवून तालावर मत देणारे रिव्ह्यू मी वाचले आहेत.

फोनचा प्रश्न आणखी खोल जातो. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, महागडी १२० किंवा १४४ वेळा. स्वस्त, भरलेल्या मेमरीच्या फोनवर झगमगाटाची लेव्हल उघडली की चित्र अडखळतं आणि ज्या क्षणी बोट टेकवायचं तोच क्षण गाळला जातो. यावर उपाय म्हणून बिल्डरला ‘लो डिटेल मोड’ ठेवता येतो. सजावटीचे जास्तीचे तुकडे तो आधी निवडून ठेवतो आणि खेळणाऱ्याने कळ दाबली की ते गायब होतात. परदेशात तगड्या संगणकावर बसून लेव्हल बांधणाऱ्याला याची आठवण राहत नाही. ती करून देणं हे मुरबाडच्या पोराचं काम आहे, कारण त्या संगणकावर जे कधीच दिसणार नाही ते त्याच्या फोनवर पहिल्या मिनिटात दिसतं. ‘लो डिटेल लावूनही ४० ते ५५ टक्क्यांत अडखळते, फोन तीन जीबी रॅमचा’ ही एक ओळ हजार कौतुकांपेक्षा भारी.

सजावटीवर माझं मत कडवट आहे. आज एपिक, लेजेंडरी, मिथिक अशा वरच्या मानाच्या खुणा ज्या लेव्हलना मिळतात त्यांतल्या पुष्कळ चित्र म्हणून थक्क करतात. हलणारे डोंगर, वितळणारे रंग, डोळे वटारणारे राक्षस. काहींवर महिनोन्‌महिने मेहनत झालेली असते. पण खेळायला घ्या, तर काटा कुठला आणि वेल कुठली तेच कळत नाही. किन्हवलीचा माझा भाचा अशाच एका लेव्हलला वैतागून म्हणाला, ‘ही लेव्हल आंधळी आहे.’ मी शहाणपणा केला, ‘अरे, काटा दिसतोय की समोर.’ ‘मामा, आता दिसतोय. पहिल्या खेपेला दिसला होता का?’ नव्हता दिसला. मेल्यावर कळलं की तिथं काटा आहे, ही शिक्षा झाली; आव्हान म्हणायचं तर काटा आधी दिसायला हवा आणि तरीही उडी चुकायला हवी. खेळात पाठांतराच्या लेव्हल हा वेगळा प्रकार आहे, त्यात फसवणूक हाच करार असतो आणि तो खेळणाऱ्याला मान्य असतो. पण तालाची लेव्हल म्हणून मांडायची आणि ६७ टक्क्यांवर झगमगाटाआड काटा लपवायचा, ही लबाडी. रिव्ह्यूने ती टक्क्यासकट दाखवायला हवी.

तारे आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नीट समजून घेण्यासारखं आहे. तारे कठीणपणाचे असतात. आपोआप चालणाऱ्या लेव्हलला एक, सोपीला दोन, तिथून चढत नऊपर्यंत, आणि दहा ताऱ्यांची ती ‘डेमन’. डेमनचे पुन्हा पाच प्रकार, सोप्यापासून एक्स्ट्रीमपर्यंत. दोन ताऱ्यांची लेव्हल अप्रतिम असू शकते आणि एक्स्ट्रीम डेमन भिकार. तरी सगळा बोभाटा डेमनचाच. २०१५ सालची ‘ब्लडबाथ’ दंतकथा झाली ती तिच्या काठिण्यामुळे. ती अनेक बिल्डरांनी तुकडे वाटून घेऊन बांधली आणि रायट या खेळाडूने पार करून दाखवली. अशा सामायिक लेव्हलमध्ये बघायची जागा म्हणजे तुकड्यांचे सांधे: एकाचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथं वेग, रंग आणि ताल एकदम बदलतात आणि खेळणारा गडबडून मरतो.

१९ डिसेंबर २०२३ रोजी, आधीच्या मोठ्या अपडेटनंतर जवळजवळ सात वर्षांनी, २.२ ही आवृत्ती आली आणि रिव्ह्यूचं काम अवघड झालं. तिच्यातल्या प्लॅटफॉर्मर प्रकारात चौकोन आपोआप पळत नाही. डावी-उजवी आपण ठरवतो, थांबताही येतं. ताऱ्यांऐवजी तिथं चंद्र मिळतात. थांबता आलं की गाण्याचा आणि उडीचा बांध सुटतो, टक्के सांगून भागत नाही, कुठल्या कोपऱ्यात रस्ता चुकला याचं वर्णन करावं लागतं. या लेव्हलवर चांगलं लिहिणं अजून जमवायचं आहे.

स्वतः लेव्हल बांधून बघायची असेल तर एक लक्षात ठेवा: एडिटर मोफतच्या ‘लाइट’ आवृत्तीत नाही, त्यासाठी पैसे मोजून पूर्ण खेळ घ्यावा लागतो. एकाच फोनवर तिघा-चौघा मित्रांनी मिळून बांधायलाही हरकत नाही. आणि समजा सरळगावच्या किंवा डोळखांबच्या एखाद्या मित्राने आपली पहिली लेव्हल तुमच्याकडे पाठवली, तर ‘भारी’ किंवा ‘बकवास’ लिहून मोकळे होऊ नका. आधी सराव न करता सरळ खेळा, पहिल्या दहा मरणांचे टक्के कागदावर मांडा. एकाच आकड्यावर चार मरणं पडली असतील तर तिथं थांबून बघा. फोन कुठला, इअरफोन कुठला ते लिहा, काटा दिसला नाही की दिसूनही चुकला ते लिहा, आणि जी एक उडी मारताना मजा आली तिचाही टक्का लिहा. हे सगळं मराठीत लिहिलं तरी चालतं; मित्राला ते इंग्रजीपेक्षा लवकर कळेल.