क्लब रन : ब्रिटनमधील रविवारची सायकलफेरी

सायकल क्लबाच्या सभासदांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणाहून, एका लीडरच्या मागे मिळून केलेल्या फेरीला ब्रिटनमध्ये क्लब रन म्हणतात. ती बहुधा रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला निघते, गर्दीचे हमरस्ते टाळून खेड्यांच्या आडरस्त्यांनी जाते, अकराच्या सुमारास चहाला थांबते आणि दुपारी किंवा संध्याकाळी परत येते. तिच्यात वेळ नोंदवत नाहीत की क्रमांक लावत नाहीत. याच क्लबांतले शर्यतवाले सभासद एखाद्या संध्याकाळी जोरात सराव करतात, त्याला चेनगँग म्हणतात. तिथे जो मागे पडला तो पडला. क्लब रनमध्ये मात्र सगळा गट सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने जातो. फेरीतले बाकीचे रीतिरिवाज या एका नियमाभोवती दीडशे वर्षांत जमत गेले आहेत.

उंच चाकाचा काळ

आज चालू असलेल्या सायकल क्लबांत सर्वांत जुना मानला जातो तो लंडनचा पिकविक बायसिकल क्लब. तो २२ जून १८७० रोजी स्थापन झाला. दोनच आठवड्यांपूर्वी चार्ल्स डिकन्सचे निधन झाले होते, म्हणून क्लबाला त्याच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीचे नाव दिले गेले. सभासदांना त्या कादंबरीतल्या पात्रांची टोपणनावे देण्याची प्रथा तिथे अजून पाळली जाते.

त्या काळची सायकल म्हणजे पुढे दीड मीटरपर्यंत उंचीचे चाक आणि मागे एक लहानसे चाक. चालवणारा पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसे. वाटेत दगड आला की तो हँडलवरून डोक्यावर आपटे. या पडण्याला ‘हेडर’ असे रुळलेले नाव होते. रस्ते खडीचे आणि चाकोऱ्या पडलेले. घोडागाड्यांचे गाडीवान सायकलवाल्यांवर चाबूक उगारत, गावातली पोरे आऱ्यांत काठ्या खुपसत. एकट्याने दूर जाणे धोक्याचे होते, त्यामुळे मिळून जाण्यात मौजेइतकाच सुरक्षिततेचाही भाग होता.

फेरीची शिस्त लष्करी वळणाची होती. क्लबाचा गणवेश असे. पुढे कॅप्टन, शेवटी उपकॅप्टन आणि मध्ये दोघादोघांच्या रांगा. चढा, उतरा, एका रांगेत या, असे हुकूम देण्यासाठी बिगुलवाला असे. पुढे बिगूल आणि गणवेश मागे पडले. आघाडीला एक आणि पिछाडीला एक जबाबदार माणूस ठेवण्याची पद्धत मात्र जशीच्या तशी टिकली.

सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब

ऑगस्ट १८७८मध्ये यॉर्कशायरमधल्या हॅरोगेट येथे सायकलस्वारांचा मेळावा भरला. तिथे स्टॅन्ली कॉटरेल या एडिंबरोच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पुढाकाराने बायसिकल टूरिंग क्लब निघाला. तीनचाकी चालवणाऱ्यांनाही सामावून घ्यावे म्हणून १८८३मध्ये त्याचे नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाले. सीटीसी या आद्याक्षरांनीच तो ओळखला जाऊ लागला.

परगावी गेलेल्या सायकलस्वाराची सोय पाहणे हे सीटीसीचे काम होते. गावोगावी तिचे ‘कॉन्सल’ म्हणजे स्थानिक प्रतिनिधी असत. रस्ता कसा आहे, मुक्काम कुठे करावा, दुरुस्ती कोण करतो, हे ते सांगत. क्लब हॉटेलांशी आणि खानावळींशी सभासदांसाठी दर ठरवून घेई आणि पसंत केलेल्या ठिकाणी पंख असलेल्या चाकाची ओतीव लोखंडी पाटी लागे. अशा काही पाट्या जुन्या इमारतींवर अजून दिसतात. तीव्र उताराच्या माथ्यावर धोक्याचे फलक लावण्याचे कामही १८८०च्या दशकात सायकल संघटनांनीच केले. एडिंबरोच्या बार्थोलोम्यू कंपनीचे एका इंचाला दोन मैल प्रमाणाचे नकाशे सायकलस्वारांत लोकप्रिय होते. त्यांतल्या दुरुस्त्या सीटीसीचे सभासद कळवीत.

सायकलला रस्त्यावर कायद्याने जागा मिळवून देणे हीही तितकीच मोठी गरज होती. आधी प्रत्येक भागाचे नियम वेगळे होते. १८८८च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने सायकल हे सर्वत्र ‘वाहन’ ठरले. त्याबदल्यात पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवण्याचे बंधन आले. रस्ते सुधारावेत म्हणून सीटीसी आणि नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन यांनी १८८६मध्ये मिळून रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन काढली होती. मोटारी यायला तेव्हा अजून अवकाश होता. सीटीसीच्या धर्तीवर १८९०मध्ये फ्रान्समध्ये आणि १८९४मध्ये इटलीत टूरिंग क्लब निघाले.

सायकल सर्वांची होते

जॉन केम्प स्टार्लीने १८८५मध्ये कॉव्हेंट्रीत ‘रोव्हर’ सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन सुधारणांनी सायकलवरची भीती गेली आणि पाठीला बसणारे हिसकेही कमी झाले. १८९०च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनला सायकलचे वेड लागले. १८९९मध्ये सीटीसीची सभासदसंख्या ६०,४४९वर पोहोचली.

सीटीसीने स्त्रियांना १८८०मध्येच सभासद करून घेतले होते, पण रस्त्यावरचे प्रश्न सुटले नव्हते. लांब झगे चाकात अडकत, म्हणून काही स्त्रिया सायकलवर सैल विजारी घालू लागल्या. १८९८मध्ये सरे परगण्यातल्या ऑकम येथील हॉटबॉय हॉटेलात लेडी हार्बर्टन अशा विजारीत गेल्या, तेव्हा त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. बारच्या खोलीत जा, असे सांगितले. हॉटेल सीटीसीच्या यादीतले होते. क्लबाने १८९९मध्ये मालकिणीवर खटला भरला आणि तो हरला. जागा द्यायची तयारी होती, तेवढी पुरेशी आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्यानिमित्ताने स्त्रियांच्या पोशाखाचा वाद देशभर गाजला.

सायकली स्वस्त झाल्या, जुन्या वापरलेल्याही मिळू लागल्या, तसा कामगारवर्ग क्लबांत आला. शनिवारी अर्धा दिवस गिरणीत किंवा कारखान्यात जाई. पूर्ण मोकळा वार रविवारच. क्लब रन रविवारची झाली ती यामुळे. चर्चमधल्या काही मंडळींना हे पसंत नव्हते. १९११च्या कायद्याने दुकानांतल्या नोकरांना आठवड्यातून एक अर्धी सुटी मिळाली, तेव्हा बुधवार-गुरुवारच्या दुपारी निघणाऱ्या फेऱ्याही जोर धरू लागल्या.

या वर्गाचा सर्वांत ठळक क्लब म्हणजे क्लॅरियन. रॉबर्ट ब्लॅचफर्ड ‘क्लॅरियन’ नावाचे समाजवादी साप्ताहिक काढीत. त्याच्या बर्मिंगहॅममधल्या सहा वाचकांनी १८९४मध्ये सायकल क्लब काढला आणि पुढच्या वर्षी ईस्टरला अ‍ॅशबोर्न येथे राष्ट्रीय क्लॅरियन सायकलिंग क्लब स्थापन झाला. सभासद खेड्यांत जाऊन साप्ताहिक वाटत, चौकात भाषणे देत, मग चहा पिऊन परतत. वाटेत दुसरा क्लॅरियनवाला दिसला की ‘बूट्स!’ म्हणून हाक मारायची आणि त्याने ‘स्पर्स!’ म्हणून ओ द्यायची, अशी खूण होती. त्यांच्या विसाव्यासाठी ठिकठिकाणी क्लॅरियन हाउसेस उभी राहिली. लँकेशायरमध्ये पेंडल टेकडीजवळ रफ्ली येथे १९१२मध्ये बांधलेले घर अजून रविवारी उघडते आणि तिथे आलेल्या सायकलस्वाराला मोठ्या मगात चहा मिळतो.

भरती आणि ओहोटी

पहिल्या महायुद्धाने क्लब ओस पाडले. युद्धात मारल्या गेलेल्या सायकलस्वारांचे स्मारक इंग्लंडच्या मध्यावरचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेरिडन येथे उभारले गेले. मे १९२१मध्ये त्याचे अनावरण झाले. तिथे दर मे महिन्यात प्रार्थनासभा होते आणि आसपासच्या क्लबांच्या त्या दिवशीच्या फेऱ्या तिकडेच वळतात.

दोन महायुद्धांमधली वर्षे हा क्लब रनचा बहराचा काळ. रेल्वे कंपन्या सायकलस्वारांसाठी खास गाड्या सोडीत. १९३०मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये यूथ हॉस्टेल संघटना निघाली आणि शनिवार-रविवार जोडून स्वस्तात मुक्कामी जाणे जमू लागले. ज्यांना कॅफे परवडत नसे ते रस्त्याकडेला काटक्या पेटवून डब्यात चहा करीत. त्याला ‘ड्रमिंग अप’ म्हणत. ‘वेफेरर’ या नावाने लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सनने १९१९मध्ये वेल्समधले बर्विन डोंगर बर्फातून ओलांडल्याची हकीकत लिहिली. ती वाचून कच्च्या वाटांनी सायकल नेण्याची गोडी अनेकांना लागली. त्याच आवडीतून १९५५मध्ये रफ स्टफ फेलोशिप निघाली.

१९४९मध्ये ब्रिटनमधल्या लोकांनी वर्षभरात सुमारे २४ अब्ज किलोमीटर सायकल चालवली. पुढच्याच वर्षी पेट्रोलचे रेशनिंग उठले, हळूहळू मोटार सामान्य घरात आली, आणि १९७३पर्यंत हा आकडा चार अब्जांच्या खाली घसरला. कामावर सायकलने जाणारा माणूस कमी झाला, तसे रविवारी क्लबात येणारे तरुणही घटले. अनेक क्लब बंद पडले. राहिले ते बऱ्याच अंशी जुन्या सभासदांच्या चिकाटीवर.

फेरी चालते कशी

क्लबाचे काम सुरू होते ते यादीपासून. दर तीन-चार महिन्यांसाठी तारीख, जमण्याची जागा, चहाचे आणि जेवणाचे ठिकाण, अंतर आणि लीडरचे नाव असा तक्ता तयार होतो. अर्ध्या दिवसाची फेरी ३०-४० किलोमीटरची असते, पूर्ण दिवसाची ६० ते १००ची. निवांत गटाचा सपाटीवरचा वेग ताशी १५ ते १८ किलोमीटर असतो.

हा वेग ठरण्यामागे भौतिकशास्त्र आहे. वेग दुप्पट केला की हवा सारण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ३० किलोमीटरला तगडा आणि साधारण यांच्यातला फरक उघडा पडतो. पंधराला तो जवळजवळ जाणवत नाही. तीस वर्षांचा आणि सत्तर वर्षांचा माणूस शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकतात ते याच वेगात. चढावर मात्र हवेपेक्षा वजनाचा प्रश्न मोठा असतो आणि गट लांबतो. म्हणून चढ प्रत्येकाने आपापल्या दमाने चढायचा आणि माथ्यावर शेवटचा येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. शेवटचा पोहोचला की लगेच निघत नाहीत, कारण विश्रांती खरी त्यालाच हवी असते.

लीडरने मार्ग आधी पाहून ठेवलेला असतो. तो सहसा पुढे असतो, पण त्याचे लक्ष मागे. चौकातून अर्धा गट सुटला आणि अर्धा अडकला की मागच्यांना दामटावे लागते, म्हणून वळणानंतर तो मुद्दाम रेंगाळतो. शेवटी बॅकमार्कर असतो. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. काही क्लब कोपऱ्यावर माणूस ठेवतात: लीडरच्या लगेच मागचा सभासद वळणावर उभा राहून सगळ्यांना वाट दाखवतो आणि बॅकमार्कर आला की त्याच्यासोबत पुन्हा गटात मिसळतो. पुढच्या वळणावर दुसऱ्याची पाळी. त्यामुळे गट कितीही लांबला तरी चुकत कोणी नाही. माणसे फार झाली तर आठ-दहांचे तुकडे करून मध्ये मोटारीला शिरता येईल एवढी जागा ठेवतात.

बोलणे हाकांनी आणि हातांनी चालते. खड्डा दिसला की पुढचा बोट करतो आणि ओरडतो. ती हाक रांगेतून मागे जाते. डावीकडे उभी गाडी असली की पाठीमागे हात नेऊन उजवीकडे सरकण्याची खूण करतात. मागून मोटार आली किंवा समोरून आली, तर ‘कार अप’ आणि ‘कार डाउन’ अशा हाका आहेत, पण कोणती कशासाठी हे भागागणिक उलटसुलट होते. म्हणून नव्या माणसाला क्लबाची रीत आधीच सांगून ठेवतात. ‘पंक्चर’ ही हाक झाली की सगळे रस्त्याबाहेर थांबतात.

दोघांनी शेजारी चालवणे कायद्याने चालते. हायवे कोडमधला त्याबद्दलचा ६६वा नियम २९ जानेवारी २०२२ रोजी नव्याने लिहिला गेला. मोठ्या गटात दोघादोघांनी चालवणे अधिक सुरक्षित ठरू शकते, पण मागच्या चालकांचे भान ठेवावे आणि सुरक्षित वाटेल तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्यावे, असे तो सांगतो. दहा जणांची एकेरी रांग पाच जोड्यांच्या रांगेच्या जवळपास दुप्पट लांब होते आणि मोटारीला ती ओलांडायला जास्त वेळ लागतो.

चहाचा थांबा हा फेरीचा मध्य. पंधरा-वीस माणसे एकदम येणार म्हणून कॅफेला आदल्या दिवशी फोन जातो. टोस्टवर बीन्स, केक आणि किटलीभर चहा हा नेहमीचा बेत. पोट रिकामे ठेवून लांब गेले की हातापायातले बळ एकाएकी जाते. त्याला क्लबवाले ‘हंगर नॉक’ म्हणतात, आणि लीडर खिशात जास्तीचे बिस्किट बाळगतो ते त्यासाठी. थोड्या पैशांत बसू देणारे, सायकली नजरेच्या टप्प्यात ठेवू देणारे आणि चिखलाच्या बुटांवर न कुरकुरणारे कॅफे टिकावेत म्हणून क्लब त्यांच्याकडे आळीपाळीने जात राहतात.

सायकल कोणतीही चालते, पण काही गोष्टी अपेक्षित असतात: चालते ब्रेक, एक जादा ट्यूब, पंप आणि हिवाळ्यात मडगार्ड. मागच्या मडगार्डला खालपर्यंत लोंबणारे रबर लावतात; त्याचा उपयोग स्वतःला नसतो, मागच्याच्या तोंडावर उडणारा चिखल त्याने अडतो. लँकेशायरमधल्या नेल्सनची कॅराडाइस कंपनी १९३२पासून जाड सुती कापडाच्या सॅडलबॅग शिवते. पावसाळी कपडे आणि डबा मावणारी ही पिशवी क्लब रनची जुनी ओळख आहे.

आजची स्थिती

सीटीसी २०१६पासून सायकलिंग यूके या नावाने काम करते. तिचे कार्यालय सरे परगण्यातल्या गिल्डफर्डला आहे आणि देशभरातले स्थानिक गट तिच्याशी जोडलेले आहेत. सभासदत्वासोबत दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचा विमा येतो, आणि नोंदणी केलेल्या लीडरना फेरी नेताना त्याचे संरक्षण मिळते. आठवड्याच्या मधल्या दिवशी निघणाऱ्या गटांत आता निवृत्तांचा भरणा असतो. काही क्लब एकाच दिवशी निवांत, मध्यम आणि वेगवान असे तीन गट काढतात आणि तिघांना एकाच कॅफेत आणून भेटवतात. नव्या माणसाला बहुतेक ठिकाणी दोन-तीन फेऱ्या पाहुणा म्हणून करता येतात. वर्गणी त्यानंतर भरायची असते.