समजून घ्या : ‘मराठी’ शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल ३, पायथन म्हणतं ५!

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की ‘हॅलो वर्ल्ड’नंतर अनेक जण शब्द ओळखण्याच्या खेळाकडे वळतात. प्रोग्रॅम छोटा असतो आणि तयार झाला की लगेच खेळताही येतो. पण तोच खेळ मराठीत करायला घेतला की सुरुवातीलाच गाडी अडते. का अडते आणि पुढे कशी न्यायची, ते पाहू.

कोणता खेळ?

‘वर्डल’ तुम्ही खेळला असाल. जॉश वॉर्डल या इंजिनीअरने तो आपल्या जोडीदारासाठी बनवला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवा रंग, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर राखाडी.

आधी सांगाडा

पायथन फोनवरच्या ॲपमध्येही चालतं. खेळाला चार गोष्टी लागतात :

१. यादी : सुरुवातीला १०-२० शब्द पुरेत. त्यातला एक शब्द ‘रँडम’ मॉड्यूल निवडून देतं.

२. इनपुट : खेळाडूचा अंदाज. फोनचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दामागे अनेकदा स्पेस टाकतो आणि बरोबर उत्तरही चूक ठरतं. ‘स्ट्रिप’ वापरलं की ती स्पेस निघून जाते.

३. तुलना : अंदाज आणि उत्तर अक्षराला अक्षर लावून पाहणं.

४. लूप : हेच सहा वेळा. शब्द ओळखला की ‘ब्रेक’.

मराठीत अडतं कुठे?

शब्दाची लांबी मोजायला पायथनमध्ये ‘लेन’ हे फंक्शन आहे. त्याला ‘मराठी’ दिलं तर उत्तर येतं ५. ‘विद्यार्थी’ दिलं तर थेट १०!

पायथन चुकत नाही. ते अक्षरं नाही, युनिकोडची चिन्हं मोजतं. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, मात्रा, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे ‘मराठी’ म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं. गंमत म्हणजे ‘वि’ची वेलांटी आपण आधी काढतो, पण संगणकात ती ‘व’च्या नंतर साठवली जाते.

इंग्रजी खेळाचा कोड जसाच्या तसा उचलला, तर एखाद्या चौकटीत नुसता काना येऊन बसतो. खेळणारा गोंधळतो.

तोडगा काय?

शब्दातली चिन्हं एकेक करून वाचायची आणि प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायचे. हे चिन्ह मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त आहे का? याच्या आधीचं चिन्ह हलन्त होतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर चिन्ह मागच्या अक्षराला जोडायचं, नाहीतर नवं अक्षर सुरू करायचं. मग ‘मराठी’चे म-रा-ठी असे ३ आणि ‘विद्यार्थी’चे वि-द्या-र्थी असेही ३ तुकडे मिळतात. चिन्ह कोणत्या प्रकारचं आहे, हे पायथनसोबतच येणारं ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूल सांगतं.

रंग देताना काळजी

उत्तर ‘बदक’ आहे आणि अंदाज ‘कडक’. शेवटचा ‘क’ हिरवा. पहिला ‘क’? ‘शब्दात आहे का’ एवढंच तपासलं तर तो पिवळा होईल आणि खेळाडूला वाटेल की आणखी एक ‘क’ आहे. उत्तरात ‘क’ एकच आहे आणि तो वापरून झाला आहे. म्हणून आधी सगळे हिरवे ठरवायचे, ती अक्षरं बाजूला काढायची आणि मगच उरलेल्यांतून पिवळे शोधायचे.

दिसायला सारखं, पण वेगळं

‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो : एकच चिन्ह म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र दिसतो. अशा शब्दांत दोन्हींचं रूप एकच करून मगच तुलना करावी.

शेवटचा निर्णय तुमचा

उत्तरात ‘की’ आहे आणि खेळाडूने ‘का’ लिहिलं, तर रंग कोणता? नुसता राखाडी दिला तर ‘क’ बरोबर असल्याचं त्याला कळणारच नाही. इंग्रजीत २६ अक्षरं, तर आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची अख्खी बाराखडी आणि वर जोडाक्षरं. एवढ्यातून सहा प्रयत्नांत शब्द ओळखणं कठीण आहे. ‘व्यंजन बरोबर, मात्रा चूक’ यासाठी चौथा रंग ठेवता येईल किंवा प्रयत्न वाढवता येतील. हे कुठलंही मॉड्यूल ठरवून देत नाही. आपल्या भाषेत खेळ नीट रंगण्यासाठी नियम काय हवा, हे ठरवणं हाही प्रोग्रॅमिंगचाच भाग आहे.

आज सुरुवात करणार असाल तर रंग, गुण, चौकटी नंतर. आधी फक्त अक्षरं मोजणारं फंक्शन लिहा आणि त्याला ‘विद्यार्थी’ द्या. उत्तर ३ आलं, की पुढचा खेळ उभा करायला हरकत नाही.