मरहूमांचा तर्का आणि कोर्टाचा खर्च

दुकानाच्या मालकाचा इंतकाल झाला की घरात पहिले चाळीस दिवस हिशेबाचे नाव कोणी काढत नाही. ते साहजिक आहे. पण त्याच चाळीस दिवसांत बाहेरगावच्या मालवाल्याचा फोन येतो, बँक खाते थांबवते आणि उधारीचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाची पायरी चढू लागते. मग कोणीतरी सांगतो, "प्रोबेट काढावे लागेल, लाखाच्या घरात खर्च आहे." एवढ्या एका वाक्याने घाबरून कागदांचे काम वर्षानुवर्षे लांबवणारी घरे आपल्या शहागंज, सिटी चौक, गुलमंडी भागात कमी नाहीत. म्हणून कोणत्या कागदाला किती खर्च आणि कोणता कागद मुळीच लागत नाही, हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावे असे आम्हाला वाटले.

प्रोबेट म्हणजे काय?

मयताने लिहून ठेवलेली वसियत खरी आहे, असे कोर्टाने शिक्क्यानिशी दिलेले प्रमाणपत्र म्हणजे प्रोबेट. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील 213 व्या कलमाने प्रोबेटची जी सक्ती घातली होती, ती मुसलमानांच्या वसियतीला कधीच लागू नव्हती. वसियत नसेल तरी, केवळ वारसा सिद्ध करण्यासाठी आपल्याला प्रशासनपत्र घ्यावे लागत नाही. म्हणजे ज्या खर्चाला लोक घाबरतात, तो बहुतेक घरांवर येतच नाही.

प्रोबेटची फी एके काळी खरोखर भारी होती. महाराष्ट्रात दिवाणी दाव्याच्या कोर्ट फीला 15,000 रुपयांची कमाल मर्यादा होती, प्रोबेटला मात्र कसलीच नव्हती. हा भेदभाव समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ठरवले. पुढे प्रोबेटलाही मर्यादा आली आणि ती बरीच वर्षे 75,000 रुपये राहिली. फीचे दर बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी चालू दर अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात विचारून घ्यावा.

उधारीसाठी लागणारा दाखला

व्यापाऱ्याचा खरा संबंध येतो तो उत्तराधिकार प्रमाणपत्राशी, म्हणजे ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात त्याच्याशी. मयताची येणी वसूल करायला दावा लावला, तर असा दाखला दाखवल्याशिवाय कोर्ट हुकूमनामा देत नाही. 214 व्या कलमाची ही अट मुसलमानांनाही लागू आहे. शेअर आणि रोख्यांसाठीही हाच दाखला मागतात. घर, दुकानाची जागा किंवा शेत त्यात येत नाही.

खर्च चार प्रकारचा. दाखल्यात लिहिलेल्या रकमेवर कोर्ट फी, वकिलाची फी, नोटिशीचा व प्रतिज्ञापत्रांचा खर्च आणि कोर्टाने मागितल्यास जामीन. यात बचतीची एक वाट कायद्यानेच ठेवली आहे. दाखला सगळ्या येण्यांसाठी मागावा लागत नाही, ठराविक येण्यांसाठी किंवा त्यांच्या काही भागासाठीही मागता येतो आणि पुढे गरज पडली तर वाढवून घेता येतो. जे गिऱ्हाईक राजीखुशीने पैसे देते त्याचे नाव यादीत घालून फी का भरावी?

मात्र मुदतीचे भान ठेवावे. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि धनी गेला म्हणून ती थांबत नाही. दाखल्याच्या फीपेक्षा मुदतीबाहेर गेलेली उधारी केव्हाही महाग पडते.

बँक आणि नॉमिनी

बँकेच्या प्रत्येक खात्याला कोर्टाचा कागद लागतो हाही गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला, तरी वसियत आणि वाद नसेल तर व्यापारी बँकेत 15 लाख आणि सहकारी बँकेत 5 लाख रुपयांपर्यंतची रक्कम हमीपत्र व इतर वारसांची संमती घेऊन सोप्या रीतीने द्यायची आहे. कागद पुरे झाल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

बँकेने नॉमिनीच्या हाती पैसे दिले म्हणून तो त्यांचा मालक होत नाही. ती वारसांची अमानत आहे. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितले. सक्सेशन सर्टिफिकेट ज्याच्या नावावर निघते त्यालाही हाच नियम. त्याला वसुलीचा अधिकार मिळतो, इतरांचा हिस्सा मिळत नाही.

घर, जमीन आणि जीएसटी

शेतजमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावी, शहरातल्या जागेची सिटी सर्व्हेत आणि महानगरपालिकेच्या घरपट्टीवर करावी. या कामाला प्रोबेट लागत नाही. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर मरहूमांचा जीएसटी नंबर मुलाला वापरता येत नाही. त्याने नवा नंबर घ्यावा आणि शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मने आपल्याकडे वळवावे. वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही, मृत्यू कर 1985 मध्येच बंद झाला. पण मरहूमांचे शेवटचे आयकर विवरण वारसांनी भरायचे असते.

वाटणीचा हिशेब

आधी कफन-दफन, मग कर्ज आणि बायकोचा मेहर, मग उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत आणि शेवटी वारसांचे हिस्से. समजा माल, येणी, बँक आणि घर मिळून 48 लाख आहेत. कफन-दफनाचा खर्च घरच्यांनी केला, कर्ज 7 लाख, मेहर 1 लाख. उरले 40 लाख. वसियत नाही. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. बायकोचा आठवा हिस्सा 5 लाख. बाकी 35 लाखांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला 14 लाख, मुलीला 7 लाख.

तंटा बहुधा या शेवटच्या सात लाखांवरच होतो. "लग्नात दिले होते" असे म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीने समजून-उमजून, खुशीने हिस्सा सोडला तर तिचा अधिकार आहे. पण बाप हयात असताना लिहून घेतलेला कागद मुळातच कच्चा, कारण तेव्हा हिस्सा जन्मालाच आलेला नसतो. आणि दबावाने घेतलेल्या सहीवरचा दावा दहा-पंधरा वर्षे चालला, तर वकिलांची फी सात लाखांना गिळून टाकते. वारीस अज्ञान असेल तर अधिक जपावे. आईने त्याचा हिस्सा परस्पर विकलेला टिकत नाही, त्यासाठी कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

सगळ्यात स्वस्त इलाज धनी हयात असतानाच होतो. येणी-देणी खातेवहीत रोज लिहावीत, ज्याची उधारी मोठी त्याची वर्षातून एकदा सही घ्यावी. मेहर बाकी असेल तर आजच अदा करावा. कोणाला हिबा करायचा तर ताबाही द्यावा, नुसत्या कागदाने हिबा पुरा होत नाही. या कामांना कोर्ट फी पडत नाही आणि मागे राहिलेली भावंडे एकाच दस्तरख्वानावर बसू शकतात.