कागद जोडताना

राजोलीचे काकाजी तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर बांधीतला चिखल वाळलेला होता. जुलै २०२३. मूल तालुक्यात रोवणी जोरात होती, आणि रोवणीचा एक दिवस मोडून येणं म्हणजे काय, हे धानाच्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "भाऊ, आजबी नाही होत का जी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या खरिपात शासनानं एक रुपयात पीक विमा आणला होता. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता राज्य सरकार भरणार. अर्जाची शेवटची तारीख ३१ जुलै. पुढं ती तीन दिवसांनी वाढली, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं! माझ्या सेवा केंद्रात सकाळी सातपासून माणसं येऊन बसायची. मारोड्याची, बेंबाळची, चिचाळ्याची. अर्ज भरताना काही अडत नसे. नाव, आधार, गट नंबर, क्षेत्र, सगळं भराभर जायचं. मग सातबारा, पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र जोडायची पायरी यायची, आणि नेमकं तिथं लॅपटॉपचं वायफाय मान टाकायचं. गोल चक्र फिरत राहायचं, पान कोरं व्हायचं, आणि पंधरा मिनिटांची मेहनत पुसून जायची.

पहिला संशय अर्थातच संकेतस्थळावर. शेवटच्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्रातून अर्ज येत होते, भार पडणारच. पण त्याच वायफायवर माझा मोबाईल, त्याच टेबलावर, तेच संकेतस्थळ सुरळीत उघडत होता. मग पावसावर संशय घेतला. मग आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतीवर, कारण राऊटर आतल्या खोलीत आणि माझं टेबल बाहेर ओसरीत. लॅपटॉप उचलून राऊटरजवळ नेला की कागद जोडले जायचे. म्हणजे राऊटरच कमजोर, असा मी निकाल दिला आणि चंद्रपूरहून नवा राऊटर आणवला. फरक शून्य. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, वीज वाचवायची सेटिंग बंद केली, चॅनेल एकवरून सहावर, सहावरून अकरावर नेला. एक तंत्रज्ञ येऊन अर्धा तास बसला. त्याच्यासमोर लॅपटॉप एकदाही तुटला नाही. "सगळं बरोबर आहे," म्हणून तो गेला, आणि तो गेल्यावर पुढच्याच माणसाचा अर्ज कागदांवर येऊन तुटला.

सगळ्यात छळत होत्या त्या रेंजच्या कांड्या. वायफाय तुटण्याच्या क्षणापर्यंत चारपैकी तीन भरलेल्या. सिग्नल पुरेसा दिसतोय आणि बोलणं होत नाही, हे कसं?

धागा दिला तो एका मावशींनी. त्यांच्याकडे कागदाची एकही प्रत नव्हती. हैदराबादला कामाला गेलेल्या नातवानं सातबारा आणि पासबुकाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मी ते थेट लॅपटॉपवर उतरवले आणि जोडले. एका दमात अर्ज पूर्ण. पावती निघाली. मावशी पावती घडी करून पदरात बांधत होत्या आणि मी नुसता पाहत होतो. आठवडाभरात ओसरीतल्या टेबलावरून पहिल्याच प्रयत्नात गेलेला हा पहिला अर्ज होता. पाऊस तोच, भिंत तीच, भारही तोच. मग या अर्जात वेगळं काय होतं?

पुढचा माणूस बसला. मी नेहमीसारखा ड्रॉवर उघडला, कागदांची हार्डडिस्क काढली, लॅपटॉपला लावली. वायफाय गेलं.

लोकांचे आधार, सातबारे लॅपटॉपवर ठेवायचे नाहीत, हा माझा जुना नियम. सगळं एका वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि ती कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. कागद जोडायची वेळ आली की काढायची, काम झालं की परत आत. तंत्रज्ञ आला तेव्हा ती ड्रॉवरमध्येच होती. राऊटरजवळ नेलं तेव्हा मात्र ती लॅपटॉपला लावलेलीच होती आणि तरी काम झालं होतं. ही गाठ सुटेना. शिवाय हार्डडिस्कचा आणि वायफायचा संबंध काय? ती तर तारेनं जोडलेली.

रात्री जेवणानंतर मुलगी आणि मी टेबलाशी बसलो. इंटरनेट, संकेतस्थळ सगळं बाजूला ठेवलं. लॅपटॉपवरून फक्त आमच्याच राऊटरला सारखी हाक मारायची आणि उत्तर किती वेळात येतं ते पाहायचं, म्हणजे पिंग. डिस्क ड्रॉवरमध्ये: दोन मिलिसेकंद, तीन, दोन, दोन. डिस्क लावली: चाळीस, तीनशे, नऊशे, मग उत्तरच नाही. काढली: तीन, दोन. माझ्या अंगावर काटा आला.

मुलीला तेवढ्यावर भरवसा वाटेना. तिनं मला हार्डडिस्ककडे पाठ करायला लावली, आणि तिच्या मनात येईल तेव्हा डिस्क लावायची किंवा काढायची. मी फक्त पडद्यावरचे आकडे बघून सांगायचं. वीस वेळा केलं. वीसही बरोबर. मग तिनं एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. लॅपटॉपच्या उजव्या कडेला दोन पोर्ट शेजारीशेजारी आहेत, एक निळं, एक काळं. डिस्क कायम निळ्यात जायची, कारण निळं वेगवान. तिनं तीच डिस्क, तीच वायर, बोटभर बाजूला काळ्यात लावली. दोन, तीन, दोन, दोन. डिस्क चालू होती, फाईल उघडत होती, आणि वायफाय हललं नाही.

डिस्क निर्दोष होती, वायरही. दोष निळ्या पोर्टातून धावणाऱ्या वेगात होता.

हे कोडं आधीच सुटलेलं होतं. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०, २००८ साली आलेलं, सेकंदाला पाच गिगाबिट वाहून नेणारं. इतक्या वेगानं तारेतून माहिती धावते तेव्हा तार, जोड आणि डिस्क यांतून रेडिओलहरींची गळती होते, आणि ती २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरते. आपलं नेहमीचं वायफाय बोलतं ते नेमकं तिथंच. इंटेलच्या अभियंत्यांनी एप्रिल २०१२ मध्ये मोजमापांसह हे छापलं: अशी हार्डडिस्क जोडली की आसपासचा गोंगाट वीस डेसिबलच्या घरात चढतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. आणि वायफायचा अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत, पोर्टांपासून वीतभर. काळं पोर्ट जुन्या, ४८० मेगाबिटच्या वेगानं चालतं. त्याचा गोंगाट त्या पट्ट्यात तसा माजत नाही.

मूलमधल्या माणसाला हे कळायला राईस मिलचा दाखला पुरे. मिल सुरू झाली की शेजारी उभा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्याचा आवाज कमी झालेला नसतो. कांड्या सिग्नलचं बळ दाखवत होत्या. गोंगाट दाखवायला पडद्यावर कांडीच नाही. राऊटरजवळ काम व्हायचं ते म्हणूनच. तिथं गोंगाट तेवढाच, पण बोलणारा कानाशी. मी आठवडाभर "आवाज लहान का?" एवढंच विचारत राहिलो.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या अभियंत्याला असंच काम मिळालं होतं: अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधा. त्यानं फिरता अँटेना उभारला, विजांची खरखर वेगळी काढली, आणि तरी एक बारीक सूं-सूं उरली. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी परतायची, म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळानं. ती आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. रेडिओ खगोलशास्त्र त्या तक्रारीतून जन्मलं, आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या तीस दुर्बिणी आज तेच आकाश ऐकतात. त्या रात्री मी हे मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यानंबी काढून-लावूनच पाह्यलं ना, बाबा?" आकाश काही काढता येत नाही, पण पृथ्वीच फिरत होती, तिनंच ते काम केलं.

वहीत अकरा नावं होती, अर्ज अर्ध्यात तुटलेल्यांची. सकाळी सहाला फोन लावायला सुरुवात केली. दहा जण दुपारपर्यंत येऊन गेले. राजोलीच्या काकाजींचा फोन लागेना. शेवटी त्यांच्या शेजाऱ्यामार्फत निरोप धाडला.

ते दिवे लागताना आले, परे उपटून हात हिरवे झालेले. मी ड्रॉवर उघडला, डिस्क काढली, काळ्या पोर्टात लावली. सातबारा चढला. पासबुक चढलं. स्वयंघोषणापत्र चढायला जरा वेळ लागला, तेव्हा आम्ही दोघंही पडद्याकडे पाहत श्वास धरून होतो. मग पावती छापली गेली. काकाजींनी ती उजेडात धरून आपलं नाव शोधलं, आणि कमरेच्या पिशवीतून एक रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं.